गावाची हजेरी

जगताप सर, आज तुमचा दहावीचा वर्ग मी घेतला. स्टाफरूममधल्या टाइमटेबलवर तुमच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवून वर माझं नाव लिहिलंय. पट्टी पातळ आहे, खालून तुमचं नाव दिसतं. मी ती नखाने सोलायलाही लागले होते, पण शिपाई बघतोय असं लक्षात आल्यावर पर्समध्ये पेन शोधल्यासारखं केलं आणि वर्गावर गेले.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. शाळेने शोकसभा घेतली. प्रोजेक्टरवर तुमचा तो टाय घातलेला फोटो लावला होता, ज्यात तुम्ही नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखे दिसता. एकामागून एक लोक उठले आणि तुम्हाला शांत, मितभाषी, कधीही वाद न घालणारे असं काय काय म्हणाले. तुम्ही आणि मितभाषी. मी मान खाली घातली तेव्हा शेजारच्या फिजिक्सच्या मॅडमनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं मी रडतेय. रडले ते नंतर, घरी जाताना कॅबमध्ये, आणि ड्रायव्हरने काही न विचारता रेडिओ बंद केला.

त्या सभेत मी बोलले नाही. तुमच्याशी माझं बोलणं माईकवरून, इंग्रजीत, करण्यासारखं नव्हतंच. शिवाय आपला वाद अर्धवट राहिलाय. वाद अर्ध्यावर टाकून उठायची खोड तुम्हाला पहिल्यापासून होती. घरी जायला वैशाली स्टेशनची मेट्रो गाठायची आहे म्हणत निघायचात आणि दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वाक्यापासून सुरू करायचात. या वेळी दुसरा दिवस माझ्या एकटीच्या वाट्याला आलाय, तेव्हा मी बोलते आणि तुम्ही ऐका. मधे बोलायची तुमची सोय राहिलेली नाही, याचं मला वाईट वाटतंय आणि थोडा रागही येतोय.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी पुण्याहून गुरुग्रामला आले तेव्हाचं आठवतं का? शाळेतला पहिला आठवडा, कॉपीच्या मशीनमध्ये कागद अडकलेला, आणि मी त्याला मनापासून म्हणत होते, "मेल्या, तुझं मढं बसवलं." मागून आवाज आला, "मशीनला मराठी कळत नाही, मॅडम. इथे हिंदीत खडसवावं लागतं." वळून पाहिलं तर तुम्ही, हातात डबा, आणि डोळ्यांत असा आनंद की जणू माहेरचं कुणी भेटलंय. आनंद मलाच जास्त झाला होता, पण मी पुण्याची, दाखवला नाही.

तुमची मराठी ऐकून मात्र माझ्या अंगावर काटा यायचा. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्मलेला माणूस, आईवडिलांपुरती मराठी आणि बाकी सगळी दुनिया हिंदीत. "मला बिल्कुल भूक नाही यार," म्हणत माझ्या डब्यातलं अर्धं थालीपीठ संपवायचात. मी चुका काढायचे, तुम्ही म्हणायचात, तुम्हा पुणेकरांना चुका काढायला माणूस लागतो, मी मिळालो हे माझं नशीब. पण त्या मराठीने मला या शहरात उभं केलं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. उंच टॉवरमधलं घर, खाली चहूकडे खोदकाम, आणि दिवसभरात आपल्या भाषेत बोलायला एकच माणूस, तोही "अच्छा, अच्छा" करणारा. तो नसता तर मी त्याच वर्षी सामान बांधलं असतं.

आणि काय काय बोललो आपण. मराठी म्हणजे आपली खासगी खोली होती. तिथे प्रिन्सिपल मॅडमना आपण 'खाष्ट सासू' म्हणायचो, त्या समोर बसलेल्या असतानाही. कॉरिडॉरमध्ये, कँटीनमध्ये, मुलांच्या देखत वर्गाच्या दारात, बिनधास्त. त्यासाठी तुमचा एक नियम होता. वर्षाच्या सुरुवातीला हजेरीपट वरून खालपर्यंत वाचायचा. कुणी कुलकर्णी, कुणी शिंदे, कुणी कांबळे नाही ना, एवढं पाहायचं. नसला की रस्ता साफ. मीही तो पट तुमच्या खांद्यावरून वाचायचे, आणि आपल्या दोघांच्याही मनात कधी शंका आली नाही.

आपल्या बोर्डाच्या पुस्तकात ते दोन धडे लागोपाठ येतात. एक, महायुद्धानंतर माणसं घरदार सोडून कुठून कुठे गेली त्याचा. दुसरा, अमेरिकेत कम्युनिस्टांची भीती घराघरांत कशी शिरली, शेजारी शेजाऱ्याकडे आणि मास्तर मास्तराकडे संशयाने कसे बघायला लागले, त्याचा. मी म्हणायचे, या दोन धड्यांचा एकमेकांशी काय संबंध, पानं भरायला शेजारी ठेवलेत. तेव्हा तुम्ही थालीपीठ खाली ठेवलंत, म्हणजे गंभीर झालात, आणि म्हणालात, "माणसं हलली की आधीची माणसं घाबरतात. नव्या माणसाला दोन प्रश्न विचारतात. कुठून आलास, आणि कुणाचा आहेस. पहिला प्रश्न प्रेमाने विचारता येतो. दुसरा कितीही प्रेमाने विचारला तरी चौकशीच वाटते."

म्हणून पहिल्या धड्याला तुम्ही गावाची हजेरी घ्यायचात. नाव पुकारलं की 'प्रेझेंट' म्हणायचं नाही, गाव सांगायचं. पोरं बेधडक 'गुरुग्राम' म्हणायची. तुम्ही चष्म्यावरून बघायचात आणि विचारायचात, "उससे पहले?" मग करोल बाग यायचं. "उससे पहले?" मग मूल गडबडायचं, घरी जाऊन आजोबांना विचारून यायचं, आणि दुसऱ्या दिवशी चावला उभा राहून सांगायचा, झंग, आता पाकिस्तानात गेलेलं. पुस्तकातले निर्वासित युरोपातले होते, आणि निम्म्या वर्गाच्या घरी तोच शब्द आजोबांच्या तोंडी होता. पोरांना ते असं कळायचं. एकटा यादव ठामपणे म्हणाला होता, "सर, हम तो यहीं के हैं. ये सोसायटियाँ हमारे खेत पे बनी हैं." तुम्ही विचारलंत, उससे पहले? तो म्हणाला, "उससे पहले भी खेत." सगळा वर्ग हसला आणि तुम्ही सर्वांत जास्त. मला नंतर म्हणालात, हा एकटाच जागचा हललेला नाही, याच्या पायाखालची जमीनच हलली.

मी एकदा तुम्हालाच विचारलं होतं, तुमचं गाव? "सरोजिनी नगर." म्हणजे दिल्लीतली तुमची ती क्वार्टरची वसाहत. मी म्हटलं, त्याच्या आधी? तुम्ही म्हणालात, त्याच्या आधी मी नव्हतोच. आणि मेट्रो गाठायला उठलात. मला वाटलं तुम्ही थट्टा करताय.

आता तो खेळ. गेल्या थंडीतला.

दुसरा धडा पुस्तकातून शिकवला की मुलं नुसती माना डोलावतात, भीती कशी असते ते कळत नाही, अशी तुमची तक्रार होती. म्हणून तुम्ही चिठ्ठ्या काढल्यात. प्रत्येकाला एक घडी घातलेली चिठ्ठी. काही चिठ्ठ्यांवर लाल ठिपका आहे, ज्याच्याकडे तो आहे त्याने तो लपवायचा, आणि बाकीच्यांनी तास संपायच्या आत ओळखायचा. एकही लाल ठिपका सुटला, तर शुक्रवारचा खेळाचा तास सगळ्यांचा रद्द. मी बघायला आले होते. तुम्ही दारात येऊन, मुलांच्या देखत, खुशीत मला सांगितलंत, "सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या आहेत. कुणाकडेच काही नाही. आता बघ गंमत." अर्थातच मराठीत.

अंजुम शेख तेव्हा नवीन होती. टर्मच्या मध्येच आली होती, त्यामुळे हजेरीपटावर शेवटी हाताने लिहिलेलं नाव. तुमची गावाची हजेरी ती येण्याआधीच झालेली. शेख हे आडनाव वाचून आपण दोघांनी तिला मनातल्या मनात लखनौ-अलिगडला पाठवून दिलं होतं. विचारायची गरज वाटली नाही. जिथे एरवी तुम्ही प्रत्येक मुलाला तीन पिढ्या मागे नेत होतात, तिथे हिच्या बाबतीत तुम्हाला आणि मला सगळं आधीच ठाऊक होतं.

पहिली काही मिनिटं खरंच गंमत होती. चावला वकील झाला, उलटतपासण्या सुरू झाल्या. मग अंजुम खिडकीजवळून उभी राहिली आणि म्हणाली, "किसी के पास नहीं है. सबकी चिट ख़ाली है." चावलाने विचारलं, तुला काय माहीत? तिने तुमच्याकडे बघितलं. तुम्हाला वाटलं, हुशार मुलगी आहे, अंदाज बांधलाय, आणि खेळ मोडू नये म्हणून तुम्ही छताकडे बघितलंत. मग कुणीतरी म्हणालं, ज्याच्याकडे आहे तोच असं बोलणार. तिने चिठ्ठी उघडून दाखवली, कोरी. "बदल ली होगी." तिची बॅग उघडली गेली. कंपासपेटी उघडली गेली. आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "इन लोगों का तो..." वाक्य पुरं झालं नाही. पुरं व्हायची गरज नव्हती.

तुम्ही "बस" म्हणालात तेव्हा तुमचा आवाज मला ओळखू आला नाही. सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या, असं भराभरा सांगितलंत, आणि घंटा झाली. पोरं हसत, 'सर, चीटिंग' म्हणत बाहेर पडली. अंजुमने बॅग भरली. दारात आपल्यापाशी थांबून ती शुद्ध, स्वच्छ मराठीत म्हणाली, "सर, तुम्ही मॅमना सांगितलंत ते मी ऐकलं होतं. पण ते तुमचं सीक्रेट होतं ना." आणि गेली.

स्टाफरूममध्ये येऊन तुम्ही खुर्चीत बसलात आणि म्हणालात, आज माझं पानिपत झालं. एरवी मी म्हटलं असतं, दरवर्षी मुलांची सहल पानिपतला नेऊन हौस फिटली नाही वाटतं. त्या दिवशी नाही म्हणाले. मग आपण दोघं मनातल्या मनात ती आल्यापासूनची मराठी बोलणी आठवू लागलो, तिच्या देखत केलेली. खाष्ट सासू आठवल्यावर तुम्ही डोळे मिटून घेतलेत. त्या पोरीने त्यातलं एक अक्षर कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि तिथून आपला वाद सुरू झाला. मी म्हणत होते, खेळ वाईट नव्हता, तुम्ही तो पुरा केला नाहीत. सबंध वर्गात एकच मुलगी खरं बोलत होती, आणि तिलाच सगळ्यांनी धरलं. याच्याइतका चांगला धडा तुम्ही आयुष्यात शिकवला नसेल, पण शेवटचं वाक्य राहिलं. उद्या वर्गासमोर सांगा, अंजुम खरं बोलत होती. तुम्ही मान हलवत होतात. "तिला परत उभं करू?" एवढंच म्हणत होतात. मी म्हटलं, ती अजून उभीच आहे, तिला बसवायचं आहे. तुम्ही म्हणालात, तुला नाही कळणार यार. मला ते झोंबलं. कळणार नाही म्हणायला मी काय दुधखुळी आहे? मी म्हणाले, तुम्ही घाबरताय, बाकी काही नाही. तुम्ही उठलात आणि मेट्रोला निघून गेलात.

दिवसांमागून दिवस तेच. इकडे अंजुम मागच्या बाकावर गेली. हात वर करेना, विचारलं तर 'पता नहीं' म्हणायची. आणि तुम्ही शाळेत माझ्याशी हिंदीत बोलायला लागलात. चार लोकांत असायचो तेव्हा ठीक, पण आपण दोघंच असतानाही. 'मेघना मॅडम, आपने कॉपियाँ चेक कर लीं?' आपली खोली तुम्ही बाहेरून कुलूप लावून बंद केलीत, सर, आणि किल्ली मला विचारली नाहीत. थालीपीठ मी तेव्हाही आणत होते. तुम्ही खरंच भूक नाही म्हणायचात. मला वाटायचं रुसलात. ते दुखणं होतं, हे डॉक्टरांकडून कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

गाझियाबादच्या हॉस्पिटलमध्ये मी भेटायला आले ती दुपार. वहिनी चहा आणायला खाली गेल्या, आणि तुम्ही कितीतरी दिवसांनी मराठीत म्हणालात, "बस गं." मग तुम्ही तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितलीत. इतकी वर्षं शेजारी बसून मी ती ऐकली नव्हती.

महायुद्ध संपल्यावर नोकरीसाठी ते साताऱ्याकडून दिल्लीला आले, मंत्रालयात कारकून म्हणून. त्याआधी वर्षभर सोलापूरला गिरणीत होते. तिथे युनियनच्या सभांना जायचे, बरंचसं भाषणांसाठी आणि थोडंसं भज्यांसाठी, असं तुमची आई म्हणायची. दिल्लीत कुणीतरी साहेबांचे कान भरले की जगताप लाल आहे. तेव्हा सरकारी नोकराला एवढं पुरे होतं. आईने घरातली सगळी मासिकं-पुस्तकं बंबात घातली, आणि त्या पाण्याने वडिलांनी आंघोळ केली. चौकशीचे पोलीस पार गावापर्यंत जाऊन आले. सापडलं काहीच नाही. आणि मग त्यांचे साहेब, अगदी भला माणूस, त्यांनी अख्ख्या सेक्शनला बोलावलं, पेढे मागवले, आणि सर्वांसमोर जाहीर केलं की जगताप निर्दोष आहे. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही त्या पेढ्यांबरोबर कळलं की याच्यावर संशय होता. त्या दिवसापासून डबा खायला त्यांच्या शेजारी कोणी बसलं नाही. निवृत्त होईपर्यंत ते एकटे जेवले. गावी तर पुन्हा गेलेच नाहीत, कारण तिथेही दारोदार विचारून झालं होतं. कोणी गाव विचारलं तर दिल्ली म्हणायचे. तुम्हालाही तसंच शिकवलं.

"साहेबांना वाटलं त्यांनी बाबांना बसवलं," तुम्ही म्हणालात.

तुम्ही घाबरताय असं मी म्हटलं होतं, आणि ते खरंच होतं, फक्त ती भीती तुमच्या जन्माआधीपासून घरात राहत होती. जरा वेळाने मी विचारलं, गाव कुठलं? तुम्ही भिंतीकडे बघितलंत. "बोरगाव. सातारा जिल्हा. बघ, अजून जीभ अडते." मग म्हणालात, अंजुमशी बोलायचं ठरवलं होतं, मराठीत. मी विचारलं, काय बोलणार होतात? माफी? तुम्ही म्हणालात, "नाही गं. गाव विचारणार होतो. तिचं एकटीचं राहिलं."

वहिनी चहा घेऊन आल्या आणि आपण हवापाण्याचं बोलायला लागलो. ते आपलं शेवटचं बोलणं. वाद मिटला नाही, पण तुमची बाजू मला तेव्हा पहिल्यांदा कळली. एक सांगू? तरीही मला माझं म्हणणं बरोबरच वाटत होतं. साहेबांनी पेढे वाटले ते चुकलंच, पण गप्प बसूनही ती पोर मागच्या बाकावर गेलीच ना.

आज परीक्षेआधीची उजळणी होती, तुमचेच ते दोन धडे. सकाळी एक्स्प्रेसवेवर कॅब अडकली होती आणि मी मनातल्या मनात दोन्हीकडून भांडत होते. काही बोलले नाही, तर तुमच्याबरोबर ते कायमचं गाडलं जाणार. बोलले, तर पेढे वाटल्यासारखं होणार. चुकलं तर ती मुलगी उरलेला बाकही सोडेल, आणि या वेळी दोष एकटा माझा. गेटपाशी उतरेपर्यंत मला एवढंच सुचलं की तुम्ही जे विचारणार होता ते विचारावं, पण तिला एकटीला उभं करून नाही. सगळ्यांना विचारावं.

हजेरीपट उघडला आणि म्हटलं, आज सरांची हजेरी. कोणीतरी म्हणालं, मॅम, वो तो हो चुकी है. मी म्हटलं, फिर से. आणि सर, मला एकदाही विचारावं लागलं नाही. पोरं आपली आपणच मागे जात होती. चावला उठला, "गुरुग्राम. उससे पहले करोल बाग. उससे पहले झंग." बंगाली मुलगी थेट बांगलादेशातल्या बरिसालपर्यंत गेली. यादव म्हणाला, "यहीं. उससे पहले भी यहीं. बस अब खेत नहीं है." या वेळी कोणी हसलं नाही.

शेवटी हाताने लिहिलेलं नाव आलं. अंजुम उभी राहिली. "गुरुग्राम," म्हणाली आणि थांबली. बाकीच्यांसारखी ती आपण होऊन मागे गेली नाही.

"उससे पहले?" मी विचारलं. तुमच्याइतकं छान नाही जमत मला.

"पुणे."

"उससे पहले?"

"मिरज."

चावला वळला. ये मिरज किधर है? अंजुम म्हणाली, "महाराष्ट्र में. हम मराठी हैं."

चावलाने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, जिथे त्या दिवशी तुम्ही आणि मी उभे होतो. पोरगा बडबड्या आहे पण मठ्ठ नाही. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली मला दिसत होती. "सर ने मॅम को बताया था, मराठी में," तो हळूच म्हणाला. "मतलब तुझे सच में पता था."

"बोला तो था," अंजुम म्हणाली.

रागाने नाही, रडूनही नाही. डबा विसरलास का असं विचारावं तितकं साधं. चावला उभाच होता. मागच्या बाकावरून एक शब्द आला नाही. शेवटी तोच म्हणाला, "हाँ. बोला था," आणि बसला.

आता तुम्ही असता तर आठवडाभर भांडलो असतो. मी म्हटलं असतं, बघा, वर्गासमोर झालं म्हणूनच मिटलं. तुम्ही म्हणाला असता, कुणीही जाहीर केलं नाही, ती स्वतः बोलली, म्हणून. दोघंही थोडे बरोबर, आणि थालीपीठ संपलं असतं. मला ते भांडण हवंय, सर. बाकी कशाहीपेक्षा ते हवंय.

मी मार्कर उचलला आणि फळ्याकडे वळणार, तेवढ्यात अंजुम, अजून उभीच असलेली, सगळ्यांच्या देखत मराठीत म्हणाली, "मॅम, सरांचं राहिलं."

पोरांना कळेना. तिनेच त्यांना सांगितलं, सर का गाँव. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही ते मला सांगितलं होतंत, वर्गाला नाही. तुमच्या वडिलांनी ते नाव दिल्लीत कधी उच्चारलं नाही, आणि तुम्ही दर वर्षी दुसऱ्यांची गावं विचारत आपलं खिशात ठेवलंत. विचारलं असतं तर नको म्हणाला असता. पण तुमच्या वडिलांच्या सेक्शनमधली माणसं आणि ही पोरं यांच्यात फरक आहे. ही तुमचीच पोरं आहेत, आणि हा पहिलाच प्रश्न होता, दुसरा नव्हता.

"सरोजिनी नगर," मी म्हणाले, तुमचं ठरलेलं उत्तर.

आणि सर, तुमच्या अख्ख्या वर्गाने एका आवाजात विचारलं, "उससे पहले?"

मी सांगितलं.